माणसं कोणाची? : गोर्योचा राजा गोंगमिन

मित्रहो, नमस्कार.

1352 साल नुकतंच लागलं होतं. कोरियात तेव्हा गोर्यो घराण्याचं राज्य होतं आणि राजधानी होती गेग्यंग, म्हणजे आजच्या उत्तर कोरियातलं केसोंग शहर. तिथल्या राजवाड्याच्या दाराशी ई योन-जोंग नावाचा एक अधिकारी येऊन उभा राहिला. अधिकाऱ्यांच्या चुका धरणं हे त्याच्या खात्याचं काम. त्या दिवशी त्याने चूक धरली ती राजाची. तो म्हणाला, महाराज, ही वेणी आणि हा मंगोल पोशाख ही आपल्या पूर्वजांची रीत नव्हे, आपण ती उचलू नये. राजा होता एकवीस-बावीस वर्षांचा. गादीवर येऊन त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. त्याने तिथल्या तिथे वेणी सोडली आणि बोलणाऱ्याला बक्षीस म्हणून वस्त्रं आणि बिछाना दिला.

हा राजा म्हणजे गोंगमिन. मला त्याच्याकडे पहिल्यांदा ओढलं ते या बिछान्याने. तोंडावर चूक सांगणाऱ्या माणसाला रात्री नीट झोप लागावी, असं काहीतरी त्या तरुण राजाच्या मनात असेल का, हा विचार तेव्हापासून माझी पाठ सोडत नाही.

काळाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. तो गादीवर आला 1351 मध्ये. त्याच वर्षी इकडे मुहम्मद तुघलक वारला. दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन चार वर्षं झाली होती. नामदेव महाराजांच्या समाधीला एखादं वर्ष झालं होतं. म्हणजे काळ आपल्या ओळखीचाच आहे, आपण फक्त त्या दिशेला कधी पाहिलं नाही.

त्या वेणीचं महत्त्व कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागेल. मंगोल फौजा कोरियात शिरल्या 1231 मध्ये. पुढच्याच वर्षी दरबार राजधानी सोडून गांगह्वा बेटावर गेला. मधली समुद्राची चिंचोळी पट्टी मंगोल घोडदळाला आडवी आली, म्हणून दरबार वाचला. मागे राहिलेली रयत मात्र पुढची पंचवीस-तीस वर्षं तुडवली गेली. 1259 मध्ये तह झाला. राजघराणं टिकलं, पण त्याची किंमत पिढ्यान्‌पिढ्या चुकवावी लागली. राजपुत्राने ओलीस म्हणून युआन साम्राज्याच्या, म्हणजे चीनवर राज्य करणाऱ्या मंगोलांच्या राजधानीत, म्हणजे दादूला, आजच्या बीजिंगला जाऊन राहायचं. मंगोल राजकन्येशी लग्न करायचं. सम्राटाची मर्जी झाली की परत येऊन राज्य करायचं, मर्जी फिरली की उतरायचं. गोंगमिनच्या आधीच्या सहा राजांच्या नावांची सुरुवात 'चुंग' या अक्षराने होते. चुंग म्हणजे निष्ठावंत, आणि ही निष्ठा अर्थातच युआन सम्राटाशी. गोंगमिनचा थोरला भाऊ चुंगह्ये हाही राजा होता. त्याला युआनच्या दूतांनी त्याच्याच राजधानीत धरलं, लाथ मारून बांधून नेलं आणि दूर दक्षिण चीनकडे हद्दपार केलं. तो वाटेतच मेला, 1344 मध्ये. धाकटा भाऊ तेव्हा दादूत ओलीस होता, वय वर्षं चौदा.

राजाच्या घरची ही कथा. रयतेच्या घरी याहून वाईट चाललं होतं. युआन दरबाराला खंडणीत सोनं, बहिरी ससाणे, जिनसेंग लागे, तशा मुलीही लागत. ई गोक नावाच्या कोरियन विद्वानाने 1330च्या दशकात युआन सम्राटाला अर्ज लिहून ही प्रथा बंद करण्याची विनंती केली. तो लिहितो की घरात मुलगी झाली तर लोक ती लपवतात, शेजाऱ्यालाही कळू देत नाहीत. नेताना आईबाप कपडे धरून रस्त्यात पडतात, कोणी विहिरीत उडी घेतं, कोणी गळफास लावून घेतं. हा ई गोक लक्षात ठेवा, त्याचा मुलगा पुढे येणार आहे.

अशाच नेलेल्या मुलींमध्ये गी घराण्याची एक मुलगी होती. तिने दादूच्या राजवाड्यात चहा देण्यापासून सुरुवात केली. सम्राट तोगोन तेमूर याचं मन तिच्यावर जडलं. 1340 मध्ये ती साम्राज्याची दुसरी सम्राज्ञी झाली आणि तिचा मुलगा पुढे युवराज. इकडे कोरियात तिच्या भावांचं, विशेषतः गी चोल याचं, भाग्य उघडलं. ज्या घरातून मुलगी ओढून नेली, तेच घर आता सम्राज्ञीच्या नावावर इतरांच्या जमिनी बळकावू लागलं. गी चोल राजापुढे स्वतःला 'सेवक' म्हणवून घ्यायलाही तयार नसे.

गोंगमिन 1341 मध्ये, अकरा वर्षांचा असताना, दादूला गेला आणि दहा वर्षं राहिला. त्याला बायान तेमूर हे मंगोल नाव होतं. दोनदा गादी रिकामी झाली, दोनदा त्याला डावलून लहान पुतण्यांना बसवलं गेलं. 1349 मध्ये त्याचं लग्न मंगोल राजकन्येशी झालं. कोरियन इतिहासात ती नोगुक या नावाने ओळखली जाते. हे लग्नही ठरवून दिलेलं, राजकारणाचं. पण त्यातून जे उगवलं ते कुणीच ठरवलेलं नव्हतं. नवऱ्याने मंगोल वेणी सोडली, मंगोल सत्तेशी उभा दावा मांडला, आणि ही मंगोल मुलगी प्रत्येक वेळी त्याच्या बाजूला उभी राहिली. ती दारात कशी बसली तो प्रसंग थोड्या वेळाने सांगतो.

सुरुवातीची चार वर्षं गोंगमिन सांभाळून वागला. 1354 मध्ये युआनने चीनमधलं बंड मोडायला कोरियाकडून सैन्य मागवलं. सुमारे दोन हजार सैनिक आणि चोए योंगसारखे सेनानी गेले. ते परत आले ते एक बातमी घेऊन: साम्राज्य आतून पोखरलं आहे. ज्या सत्तेच्या नावाने तीन पिढ्या थरथरल्या, तिला स्वतःच्या बंडखोरांना आवरता येत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

1356च्या उन्हाळ्यात राजाने राजवाड्यात मेजवानी ठरवली. गी चोल, ग्वोन ग्योम आणि नो चेक यांना बोलावणं गेलं. तिघांच्याही घरातल्या मुलींमुळे त्यांचे धागे युआन दरबारात पोचलेले. गी चोल आणि ग्वोन ग्योम वाड्यात शिरले ते परत बाहेर पडले नाहीत. नो चेकला त्याच्या घरी गाठून मारलं. त्यानंतर काही आठवड्यांत जे झालं त्याचा वेग थक्क करणारा आहे. युआनचं सत्ताकेंद्र असलेलं न्यायकार्यालय बंद. युआनचा शक वापरणं बंद. दरबारातल्या पदांची जुनी नावं परत. आणि ईशान्येला स्सांगसंगवर फौज रवाना. हा मुलूख 1258 पासून, म्हणजे 99 वर्षं, मंगोलांकडे होता. तिथल्या ई जा-चुन नावाच्या स्थानिक सरदाराने आतून मदत केली आणि मुलूख परत मिळाला. या सरदाराचा मुलगा तेव्हा विशीतला होता, धनुर्विद्येत तरबेज. त्याचं नाव ई सोंग-ग्ये. छत्तीस वर्षांनी तोच गोर्यो राज्य बुडवून आपलं घराणं बसवणार होता.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. याच मोहिमेत इन दांग नावाच्या सेनापतीने राजाच्या हुकमावरून सीमेवरची यालू नदी ओलांडून मंगोल ठाणी मारली. युआनने आठ लाख फौज पाठवण्याची धमकी दिली, तेव्हा राजाने इन दांगचं डोकं उडवलं आणि हे सगळं सीमेवरच्या अधिकाऱ्याने परस्पर केलं, असं कळवून माफी मागितली. हुकूम पाळणारा माणूस हुकूम देणाऱ्याने बळी दिला. मी या राजावर प्रेम करतो, पण इन दांगला विसरून त्याच्यावर प्रेम करता येत नाही. पुढे ज्या ज्या माणसाला त्याने जवळ केलं, त्या प्रत्येकाच्या डोक्यावर इन दांगची सावली आहे.

मग उत्तरेकडून लाट आली. युआनविरुद्ध उठलेले लाल पागोटेवाले, म्हणजे तिकडचे शेतकरी बंडखोर, मार खात पूर्वेला सरकले आणि यालू ओलांडून कोरियात घुसले. 1359च्या हिवाळ्यात चाळीस हजार आले. त्यांना हाकललं. 1361 मध्ये एक लाखाच्या वर आले आणि राजधानी पडली. ऐन हिवाळ्यात राजा, राणी आणि दरबार दक्षिणेला निघाले. राणी पालखी सोडून घोड्यावर बसली. वाटेत पाऊस आणि बर्फ, कपडे ओले, काटक्या पेटवून शेकलेले. महिनाभराने ते आंदोंगला पोचले.

आंदोंगमध्ये आजही बायका एक खेळ खेळतात. वर्षाच्या पहिल्या पौर्णिमेच्या सुमाराचा तो मूळ खेळ. बायका एकीमागे एक ओळीने वाकून उभ्या राहतात, पाठींचा लांब पूल होतो, आणि एका मुलीला दोन्ही हातांना आधार देत त्या पाठींवरून चालवत नेतात. सोबत प्रश्नोत्तरांचं गाणं चालतं. गावात सांगतात की नोगुक राणी गावाच्या ओढ्याशी आली तेव्हा थंडीत तिचे पाय पाण्यात पडू नयेत म्हणून गावच्या बाया पाण्यात उतरून वाकल्या, आणि राणी त्यांच्या पाठींवरून पलीकडे गेली. खरं-खोटं करत बसण्यात मला रस नाही. सव्वाशे वर्षं ज्यांनी मुली ओढून नेल्या त्यांच्यातली ही एक मुलगी, आणि तिच्यासाठी कोरियन बायकांनी पाठ वाकवल्याची आठवण साडेसहाशे वर्षं त्या गावाने जपली आहे. एवढ्यासाठी तरी ही राणी मला महत्त्वाची वाटते. त्याच गावात नदीकाठी योंगहोरू नावाचा मंडप आहे. त्यावरच्या पाटीची अक्षरं गोंगमिनच्या हातची मानतात. राजा उत्तम लिहायचा आणि चित्रंही काढायचा. शिकारीचं एक रेशमी चित्र त्याच्या नावावर सांगितलं जातं. त्याचे तुकडे उरले आहेत, आणि त्यात घोडेस्वार आहेत ते मंगोल पोशाखातले. वेणी सोडता येते, दहा वर्षं डोळ्यांत भरलेलं कुठे सोडता येतं!

1362 साल उजाडलं आणि जंग से-उन या सेनापतीच्या हाताखाली मोठ्या फौजेने राजधानी परत घेतली. विजयाची बातमी शिळी व्हायच्या आत खोटा राजहुकूम तयार झाला. किम योंग नावाच्या, राजाच्या दादूपासूनच्या सोबत्याने तो केला. त्या हुकमाने तीन सेनानींकडून जंग से-उनला मारवलं आणि मग सेनापतीला मारलं म्हणून त्या तिघांनाही संपवलं. राजधानी सोडवणारे चारही जण विजयानंतर काही महिन्यांत गेले.

राजधानीतला वाडा जळालेला असल्यामुळे राजा शहराबाहेर ह्युंगवांग मठात उतरला होता. 1363च्या वसंतात एका पहाटे पन्नासेक माणसं आत घुसली. युआनच्या सम्राटाचा हुकूम घेऊन आलोय, असं ओरडत. आन दो-ची नावाचा एक खोजा सेवक दिसायला राजासारखा होता. तो राजाच्या बिछान्यात जाऊन झोपला. दुसऱ्या सेवकाने राजाला पाठीवर घेतलं आणि खिडकीतून बाहेर काढून राजमातेच्या खोलीत नेलं. तिथे राजाला पांघरुणाखाली दडवलं आणि नोगुक राणी येऊन त्या खोलीच्या दारात बसली. मारेकरी युआनच्या बाजूचे. युआनच्या राजकन्येला ओलांडून आत जाण्याची त्यांची छाती नव्हती. बिछान्यातला माणूस राजा समजून त्यांनी आन दो-चीला मारलं. तेवढ्यात चोए योंग सैन्य घेऊन पोचला. या सगळ्यामागेही किम योंगच होता, हे नंतर उघड झालं. त्याला मारल्यावरही राजा त्याच्यासाठी रडला आणि म्हणाला, आता मी विश्वास ठेवू तरी कोणावर?

भावाच्या मृत्यूने पेटलेल्या गी सम्राज्ञीने त्याच सुमारास गोंगमिनला पदच्युत जाहीर करून त्याच्या काकाला राजा नेमलं. 1364च्या सुरुवातीला दहा हजार फौज यालू ओलांडून आली. चोए योंग आणि ई सोंग-ग्ये यांनी ती परतवली.

त्या भानगडीत गुंतलेल्या वकिलातीतला एक माणूस मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुन इक-जोम. दादूला दूत म्हणून गेला होता. 1364 मध्ये परतला तो नोकरी गमावून. पण परतीच्या वाटेवर त्याने रस्त्याच्या कडेच्या कपाशीची दहाएक सरकी खुडून बटव्यात टाकली होती. कोरियाचे लोक तोवर उन्हाळा-हिवाळा अंबाडीच्या जातीच्या धाग्याचं कापड नेसत. रेशीम आणि कातडी पैसेवाल्यांना. मुनने गावी येऊन सासरे जंग चोन-इक यांना निम्मी सरकी दिली. उगवून तगलं ते एकच झाड. त्या एका झाडाने शरद ऋतूत शंभर बिया दिल्या. 1367 मध्ये गावकऱ्यांना वाटण्याइतकं बी झालं. पण बोंडं वेचली तरी सरकी काढायची कशी, सूत कातायचं कसं, कोणालाच ठाऊक नव्हतं. एक दिवस होंग-वोन नावाचा परदेशी भिक्षू जंगच्या घरी आला आणि कपाशी बघून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या गावची वस्तू इथे दिसेल असं वाटलं नव्हतं, म्हणाला. जंगने त्याला ठेवून घेतलं, खाऊपिऊ घातलं, आणि त्याने रेचा आणि चरखा करायला शिकवलं. घरातल्या बाईने पहिलं कापड विणलं. ज्यांच्या घरी कपाशी पिकते त्यांना वेगळं सांगायला नको की एका बटव्यातल्या सरकीने एका देशाचा हिवाळा बदलतो म्हणजे काय होतं. त्या राजवटीतली माझ्या मते सगळ्यात मोठी घटना हीच, आणि राजाला तिचा पत्ताही नसावा.

1365. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. राणीला दिवस गेले आणि बाळंतपणात ती गेली. राजाने स्वतः तिचं चित्र काढलं. तो त्या चित्रासमोर जेवायला बसे, जणू ती समोर आहे. तिच्या प्रतिमेसाठी मंदिर बांधायला घेतलं, त्यात बेसुमार पैसा आणि माणसं खपली, लोक कंटाळले. बहुतेक ठिकाणी गोंगमिनची गोष्ट इथेच संपवतात. पुढे एक भिक्षू आला, राजा त्याच्या नादी लागला, वेडा झाला, मारला गेला. प्रेमात बुडालेला राजा, छान करुण गोष्ट.

मला ही मांडणी मान्य नाही. राणी गेल्यानंतरची सहा वर्षं हीच या राजवटीची गाभ्याची वर्षं आहेत.

तो भिक्षू म्हणजे शिन डोन. त्याची आई मठातली दासी होती, म्हणजे जन्मानेच हा खालचा. बाकी भिक्षूही त्याला पंगतीत घेत नसत. राजाने त्याला राज्याचा कारभार दिला. का? 'गोर्योसा' या अधिकृत इतिहासात राजाचा विचार दिला आहे. तो असा: मोठी घराणी सोयरिकींनी एकमेकांत विणलेली, एकमेकांना पाठीशी घालतात. नवे वर आलेले लोक नाव होईपर्यंत साधेपणाचा आव आणतात, मोठे झाले की आपल्या कुळाची लाज वाटून मोठ्या घराण्यात लग्न करतात आणि सगळं विसरतात. आणि पंडित मंडळी कचखाऊ. परीक्षक, शिष्य, एका वर्षाचे उत्तीर्ण, असे आपले कंपू करून बसतात. हे तिन्ही कामाचे नाहीत. मला हवा जगापासून सुटा, एकटा उभा राहिलेला माणूस.

चौदाव्या शतकातल्या राजाने आपल्याच अमलाचं इतकं स्वच्छ निदान केलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. शिन डोनने आधी अट घातली की लोक चुगल्या करतील तेव्हा ऐकू नका. राजाने स्वहस्ते लिहून दिलं: गुरूने मला तारावं, मी गुरूला तारीन, जगण्या-मरण्यात साथ देईन, बुद्ध आणि आकाश साक्षी.

1366 मध्ये शिन डोनने एक कार्यालय उघडलं. त्याच्या लांबलचक नावाचा साधा अर्थ 'जमीन आणि माणसं यांची शहानिशा करणारं कार्यालय'. जमीन आणि माणसं. दोन्ही एकाच दमात, कारण दोन्ही एकाच रीतीने चोरली जात होती. बलवान घराणं शेजारच्या शेतावर हक्क सांगे. कागद खोटे, पण न्यायाधीश नात्यातला. एकाच शेतावर पाच-सहा मालक निघत आणि वर्षातून आठ-नऊ वेळा खंड वसूल होई, असं तिथल्याच एका अधिकाऱ्याने थोड्या वर्षांनी लिहून ठेवलं आहे. कुणब्याला ते देता येईना. मग तो कर्जात बुडे, किंवा कर आणि वेठ टाळायला त्याच घराण्याच्या आश्रयाला जाई. आणि एक दिवस वहीत त्याचं नाव दास म्हणून चढे. दासाची मुलं दास. राज्याचा करदाता कमी, सैनिक कमी, घराण्याचा एक गुलाम जास्त. गांगह्वा बेटापासून साठलेलं हे पाप होतं.

शिन डोनने फर्मान लावलं: राजधानीतल्यांना पंधरा दिवस, प्रांतांतल्यांना चाळीस दिवस. तेवढ्यात आपण होऊन जमिनी आणि माणसं परत करा, मागचं विचारणार नाही. मुदत उलटून सापडलात तर शिक्षा. आणि लोकांनी परत केल्या. घाबरून का होईना, बळकावलेल्या जमिनी मूळ मालकांना मिळाल्या. मी दास नाही, असं म्हणत जो दारात आला त्याला मोकळं केलं गेलं. रस्त्यावर लोक म्हणू लागले, संत अवतरला. 'गोर्योसा' हे सांगताना नाक मुरडतो. दास मालकांवर उलटले, म्हणतो. या ग्रंथाचं संकलन पूर्ण झालं 1451 मध्ये, म्हणजे गोर्यो बुडवून आलेल्या घराण्याच्या दरबारात, आणि लिहिणारे सगळे दास बाळगणारे. त्यांनी शिन डोनला बाईलवेडा, ढोंगी, कोल्ह्याचा अवतार म्हणून रंगवलं आहे. तो धुतल्या तांदळासारखा होता असं मी म्हणत नाही. त्याच्याकडे पैसा आला, बायका आल्या, विरोधक मारले गेले. पण नाक मुरडत का होईना, शत्रूच्याच लेखणीतून 'संत' हा शब्द सुटला आहे, त्याला मी फार किंमत देतो.

1367 मध्ये राजाने सोंगग्युनग्वान ही राष्ट्रीय पाठशाळा नव्याने उभी केली. प्रमुख नेमला ई सेक. अर्ज लिहिणाऱ्या ई गोकचा हा मुलगा. सोबत जंग मोंग-जूसारखे तरुण शिक्षक. इथून जी पिढी निघाली तिच्याकडे जमिनी नव्हत्या, पुस्तकं होती. आणि हा राजा काही बौद्धांच्या विरोधातही नव्हता. 1371 मध्ये त्याने नाओंग या भिक्षूला राजगुरू केलं. नाओंगचा गुरू भारतीय होता: ध्यानभद्र, मगधातून निघून तिबेट-चीन पालथा घालत 1326 मध्ये कोरियात पोचलेला. कोरियातल्या एका डोंगराकडे बघून ही जागा नालंदेसारखी दिसते असं तो म्हणाला, अशी आठवण तिथे सांगतात. त्याच जागी ह्वेआम मठ उभा राहिला, आणि ध्यानभद्राच्या स्मारकशिलेवरचा मजकूर लिहिला ई सेकने. आपल्याकडच्या एका माणसाचं चरित्र चौदाव्या शतकात कोरियन पंडिताने दगडावर कोरून ठेवावं, ही गोष्ट मला अजून नवलाची वाटते.

शिन डोनचा शेवट 1371 मध्ये झाला. निनावी पत्रातून आरोप आला की तो राजाला मारणार आहे. राजाने त्याला सुवोनला पाठवलं आणि तिथे मारलं. तो स्वहस्ते लिहून दिलेला कागद? राजाने तो बरोबर पाठवून आधी त्याच्या चुका वाचून दाखवायला लावल्या आणि मग जाळायला लावला. इन दांग, किम योंग, आता शिन डोन. शहानिशा कार्यालय त्याच्याबरोबर मिटलं. जगापासून सुटा माणूस निवडण्यातली खोट ही होती की तो पडताना त्याला धरायला कुणीच नव्हतं, आणि त्याने सोडवलेल्या माणसांनाही.

बाहेरच्या जगात राजाचे अंदाज शेवटपर्यंत बरोबर ठरत गेले. 1368 मध्ये चीनमध्ये मिंग घराण्याचं राज्य आलं, युआन उत्तरेला पळाले, गोंगमिनने झटक्यात मिंगांशी संबंध जोडले आणि 1370 मध्ये ई सोंग-ग्येच्या फौजेने यालूपलीकडे लिआओयांगपर्यंत धडक मारली. घरात मात्र अंधार होता. शेवटच्या वर्षांत राजाने देखण्या सरदारपुत्रांचं एक पथक जवळ बाळगलं. त्याच्याबद्दलचे ग्रंथातले घाणेरडे तपशील मी सांगणार नाही, ते कोणी का लिहिले असतील हे आत्ताच बोललो. शेवट एवढाच: 1374च्या शरदात चोए मान-सेंग या खोजाने राजाला कळवलं की एका राणीला पथकातल्या होंग र्युनपासून दिवस गेले आहेत. राजा म्हणाला, होंग र्युनला मारून टाकतो, आणि तुलाही हे माहीत आहे, तेव्हा तूही सुटणार नाहीस. त्या रात्री राजा दारू पिऊन झोपलेला असताना चोए आणि होंग यांनी मिळून त्याला मारलं. वय चव्वेचाळीस. या वेळी बिछान्यात त्याच्या जागी झोपायला आन दो-ची नव्हता, आणि दारात बसायला राणी नव्हती.

केसोंगजवळ टेकडीच्या उतारावर दोन गोल समाध्या शेजारी शेजारी आहेत, दगडी कठडे, दगडी वाघ आणि मेंढ्या भोवती राखणीला. एक तिची, एक त्याची. तिची झाल्यावर त्याने आपली जिवंतपणीच शेजारी बांधवून घेतली. आतल्या दोन्ही दालनांच्या मधल्या भिंतीला एक भोक ठेवलं आहे, आत्म्यांना येजा करता यावी म्हणून, असं सांगतात. 2013 पासून हे ठिकाण केसोंगच्या इतर स्मारकांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे. 'गोंगमिन' हे नावही त्याचं जिवंतपणीचं नाही. ते मिंग दरबाराने 1385 मध्ये दिलं.

त्याच्यामागे दहा वर्षांचा मुलगा उ गादीवर आला. त्याची आई शिन डोनच्या घरातली दासी. ई सोंग-ग्येने 1388 मध्ये त्याला उतरवलं, मग त्याच्या मुलालाही, आणि जाहीर केलं की हे राजाचे वंशज नव्हेतच, शिन डोनचे आहेत. 'गोर्योसा'त म्हणूनच गोंगमिनची नोंद राजांमध्ये आणि उची बंडखोरांमध्ये आहे. पण याच ई सोंग-ग्येने गोर्यो बुडवून जोसन घराणं बसवल्यावर आपल्या पूर्वजांच्या देवघरात, सोलच्या जोंगम्योमध्ये, गोंगमिन आणि नोगुकसाठी एक छोटं देऊळ बांधवलं. दोघांचं एकत्र चित्र तिथे आजही आहे.

आणि जमीन? ती ई सेकच्या विद्यार्थ्यांनी मनात धरून ठेवली होती. जंग दो-जोन आणि त्याच्या साथीदारांनी 1390 मध्ये जमिनींच्या जुन्या वह्या गेग्यंगच्या रस्त्यावर आणून जाळल्या. आग कित्येक दिवस विझली नाही, आणि गोर्योचा शेवटचा राजा ती बघून रडला. त्या आगीत जमिनींच्या वह्या होत्या. दासांच्या वह्या नव्हत्या. सरकारी दासांच्या, सहासष्ट हजारांहून जास्त नावांच्या, वह्या सोलच्या राजवाड्याच्या दारासमोर जाळल्या गेल्या 1801 मध्ये. खाजगी घरांतली माणसं 1894 पर्यंत तशीच राहिली.